कंदीलवाल्याचं सोंग

मेल्यावर आप्पा डोळे मिटायचे नाहीत. गोळी लागली की बाकीची माणसं मागे कोलमडायची, आप्पा दोन पावलं पुढे यायचे. मग गुडघ्यावर, मग कुशीवर, आणि शेवटी मान वळवून ज्याने मारलं त्याच्याकडे टक लावून पडून राहायचे. असिस्टंट डायरेक्टर लांबून ओरडायचा, "आप्पा, आँखें बंद! मर गए हो आप!" आप्पा पडल्या पडल्या म्हणायचे, "मेलो रं बाबा. पन मारला कोनी, त्याला बगून ठेवू दे की."

सेटवर त्यांना सगळे मरणारे आप्पाच म्हणत. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग लागलं, की गर्दीची माणसं आसपासच्या गावांतून आणि डोंगरातल्या वाड्यांतून टेंपोने भरून आणतात. आप्पा पळसदरीच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकर आदिवासींच्या वाडीतले. ते मावळा होऊन मेले, मोगल होऊन मेले, गोऱ्यांचे शिपाई होऊन मेले. एका लढाईत तर सकाळी इकडून मेले आणि जेवणानंतर फेटा बदलून तिकडून. मी विचारलं, "आप्पा, मग जिंकलं कोण?" म्हणाले, "दोनी कडनं मीच मेलो. जिंकायला कोन उरला ते त्यांना इचार."

मी तिथे कपड्यांच्या विभागात होते. नवे कपडे जुने करणं हे माझं काम. चहाच्या पाण्यात बुडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, आणि मातीचा काला केलेल्या बादलीत बुचकळून उन्हात टाकायचे. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली आणि बहिणीच्या नवऱ्याच्या ओळखीने या कामाला लागले. मला भीती फार. बटण तुटलं की भीती, कुणी नावाने हाक मारली की भीती, कुणी मारली नाही तर जास्तच. आप्पांनी हे पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं. त्यांना माणसांच्या चाली उचलायचा नाद होता. एकदा चहाच्या सुट्टीत ते माझ्यासारखे चालून दाखवायला लागले. पाय आखडून, खांदे आत घेऊन, पुढचं पाऊल टाकू की नको असं करत. सगळे हसले. मला रडू आलं. तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "पोरी, तू भुईला इचारून पाय टाकतेस. भुई काय नाय म्हनत नाय गं."

आप्पांच्या घरी मी राहायला गेले तेही असंच. कर्जतला स्टेशनामागे माझी भाड्याची खोली होती. एका संध्याकाळी घरमालकिणीने माझी पिशवी बाहेर आणून ठेवली. सिनेमावाल्या मुली नकोत म्हणाली. मी पिशवी घेऊन परत आमच्या कपड्यांच्या गाडीपाशी येऊन बसले. आप्पा अंगावरचा शिपायाचा ड्रेस परत करायला आले होते.

"काय गं, कुनाची वाट बगतेस?"

"कुणाची नाही."

"मंग चल."

वाटेत त्यांनी एक शब्द विचारला नाही. घरी त्यांची बायको चुलीपाशी होती. तिला सगळी वाडी बाय म्हणायची, मीही म्हणायला लागले. बायने मान वर करून विचारलं, "ही कोन?" आप्पा म्हणाले, "आपलीच हाय." बायने नाचणीचं पोतं भिंतीकडे सरकवलं आणि माझ्यापुरती जागा झाली. घर सोडल्यापासून मला आपली म्हणणारं दुसरं कुणी भेटलेलं नव्हतं. आजही कुठे नवीन ठिकाणी गेले, की सरकवता येईल असं पोतं कुणाच्या घरात दिसतंय का ते मी आधी बघते.

आप्पा चिडायचे नाहीत. हे आधी मला त्यांच्या चांगुलपणाचं लक्षण वाटलं होतं. पण बायने मला समजावलं. "चिडला तर जिरल ना त्याचा राग. तो ठेवून देतो. राखंत बी ठेवतात तसा." आणि खरंच तसं होतं. तरुणपणी एका जंगल गार्डाने त्यांचा कोयता हिसकावून घेतला होता आणि वर कानाखाली वाजवली होती. आप्पांनी तेव्हा तोंडातून अक्षर काढलं नाही. पण पुढे तो गार्ड जेव्हा जेव्हा वाडीत यायचा, तेव्हा आप्पा त्याच्या मागून त्याच्याचसारखे चालायचे. पोट पुढे, पाय फाकलेले, पँट वर ओढत. बायका तोंडाला पदर लावायच्या. गार्ड वळला की आप्पा झाडाकडे बघत उभे. त्याला कळायचं की लोक हसतायत, पण कशाला ते कळायचं नाही. शेवटी त्याने स्वतःच बदली मागून घेतली. आप्पा हे सांगताना हसायचे नाहीत. "कोयता नाय मिळाला परत," एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी शिमग्याला मी वाडीत होते. धुळवडीच्या दिवशी वाडीत सोंगं निघतात. कुणी वाघ होतो, कुणी नवरी. सगळ्यांत शेवटी भर दुपारी एक जण डोक्यावरून घोंगडी घेऊन, हातात पेटवलेला कंदील धरून येतो. हे कंदीलवाल्याचं सोंग. तो बोलत नाही, नाचत नाही, नुसता चालतो. डावा खांदा वर उचललेला, एक हात मागे कमरेवर, टाचा भुईला न टेकवता, आणि थोड्या थोड्या वेळाने मान झटकून मागे बघणं, जसं काही खिशातून पडलंय. वाडीतली पोरंबाळं, बायाबापड्या, सगळे त्याला चिखल मारतात. त्या वर्षी सोंग एका नव्या पोराकडे होतं आणि म्हाताऱ्या त्याला ओरडत होत्या, "खांदा! खांदा वर घे रं मेल्या! असा चालला तर चिकोल नाय मिलायचा तुला!"

तिथेच चिखल धुता धुता बायने मला गोष्ट सांगितली. गोऱ्या सरकारने जंगल बंद केलं, कोयता-कुऱ्हाडीला बंदी आणली, तेव्हा या डोंगरातली माणसं उठली. त्यांचा म्होरक्या कमळू नाईक, आप्पांच्या आज्याचा चुलता. त्याने घाटातला नाका जाळला आणि माणसं घेऊन कपारीत जाऊन बसला. साहेबाच्या पलटणीला महिनोन् महिने ती कपार सापडली नाही. मग एका पहाटे कुणीतरी घोंगडी पांघरून, कंदील घेऊन पलटणीच्या पुढे चालत आला आणि शेळ्यांच्या वाटेने तिला थेट वर नेलं. कारवीच्या झुडपांत लपलेल्या बायकांनी त्याला वरून पाहिलं. तोंड दिसलं नाही. चाल दिसली. कमळू आणि त्याची माणसं फासावर गेली, आणि नाव माहीत नसल्यामुळे बायकांनी ती चाल ठेवून दिली. आपल्या पोरांना शिकवली, पोरांनी त्यांच्या पोरांना.

"पण मग कळलं का कोण होता?" मी विचारलं.

बाय म्हणाली, "तू शूटिंगवर रोज बगतेस की. तुला दिसला नाय?"

दुसऱ्या दिवशी मला दिसला. नाव लिहीत नाही, लिहिलं तर वकील येतो. आपण त्याला शेठ म्हणू. खाली सपाटीवर ज्या माळावर आमचं शूटिंग चाललं होतं तो अख्खा माळ शेठचा. त्याच्या पणज्याला साहेबाकडून इनाम मिळालेला. आता निम्म्यावर फार्महाऊसेस झाली आहेत. शेठ सकाळी गाडीतून उतरला आणि मॉनिटरकडे निघाला. डावा खांदा वर. हात मागे कमरेवर. टाचा अधांतरी. आणि मध्येच मान झटकून मागे. माझ्या हातातला अंगरखा बादलीत पडला. चालण्यावरून पुरावा होतो का, मला ठाऊक नाही. कोर्टात होत नसेल. पण त्या घरातला शेठचा मोठा मुलगाही तसाच चालतो, आणि त्याचा लहान नातूही आत्ताच खांदा उचलायला लागलाय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मजा अशी, की आमचा सिनेमा कमळूवरच होता. गोऱ्यांविरुद्धचं बंड, घाटातला जळता नाका, शेवटी फास. मुंबईहून आलेले डायरेक्टर भले माणूस होते. त्यांना ती गोष्ट मनापासून करायची होती. पटकथेत खबऱ्या होता तो सपाटीवरचा सुखवस्तू माणूस. मला कसं कळलं? कारण त्याचे कपडे माझ्याकडे आले होते. धोतर, बाराबंदी, जरीकाठी उपरणं. मी ते हलक्या हाताने जुने करत होते, पैसेवाल्याचे कपडे फार मळके करून चालत नाही. मग शेठशी माळाचा पुढचा करार झाला, आणि दोन-चार दिवसांत आमच्या मुख्य ड्रेसदादांनी ते सगळं माझ्याकडून काढून घेतलं. "हे राहू दे. खबऱ्या आता वाडीतलाच दाखवायचाय. दारूच्या बाटलीवर फितूर होतो. एक लंगोटी काढ आणि एक फाटकी घोंगडी."

मी हे संध्याकाळी जेवताना सांगितलं. आप्पांचा हात ताटात थांबला. बाय म्हणाली, "म्हंजे आमीच धरून दिला कमळूला?"  मग तीच पुन्हा म्हणाली, "पोरं साळंत जातात खाली. उद्या त्यांना खबऱ्याची पोरं म्हनतील. पोरींना सोयरीक येताना इचारतील, कंची वाडी? ती का, फितुराची?" आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, हात धुतला आणि झोपायला गेले.

आणि दोन दिवसांनी खबऱ्याच्या कामाला आप्पांचीच निवड झाली. शेठ तेव्हा तिथेच खुर्ची टाकून बसला होता. त्याने डायरेक्टरला सांगितलं, "ह्या म्हाताऱ्याला घ्या. चेहराच बघा ना. अस्सल वाटेल." असं म्हणून हसला. वाडीची सगळी माणसं आप्पांकडे बघायला लागली. आप्पा आता डायरेक्टरच्या अंगावर फेटा फेकून निघून येणार, आणि त्यांच्यामागे मी, असं मला वाटलं.  आप्पा म्हणाले, "बरं."

बायने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण लांबून सरकवायची. मला म्हणायची, "त्याला सांग, आमटी संपली." आप्पा शेजारीच बसलेले असायचे. वाडीतली तरणी पोरं वाटेत त्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "काय आप्पा, बाटली मिलाली का?" आप्पा मला म्हणायचे, "ती घोंगडी फार नको फाडू गं. थंडी वाजंल खबऱ्याला." मला त्यांचा राग आला होता. ज्या माणसाने मला घर दिलं त्याचा राग येणं फार वाईट. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायला लागले.

शूटिंगचा तो दिवस. सीन पहाटेचा, पण संध्याकाळच्या उतरत्या उजेडात घ्यायचा होता. कंदील घेतलेला खबऱ्या पुढे, मागे साहेबाची पलटण, आणि वर झुडपांत लपलेल्या वाडीच्या बायका. बायका खऱ्याच वाडीच्या होत्या, बायसुद्धा. मी त्यांच्याजवळ मातीची बादली घेऊन बसले होते, कारण त्यांची लुगडी मध्ये मध्ये मळवावी लागत होती. शेठ मॉनिटरजवळ खुर्चीत.

पहिल्या टेकला आप्पा सांगितल्याप्रमाणे झिंगत चालले. डायरेक्टरना आवडलं नाही. "बहुत फिल्मी हो रहा है, आप्पा. आपको जैसे लगता है, वैसे चलो ना."

"मला वाटंल तसा?"

"हाँ हाँ. आपके हिसाब से."

आप्पांनी घोंगडी नीट डोक्यावर घेतली. कंदील उचलला. मग डावा खांदा वर केला.

ती चाल मी शिमग्यात पाहिली होती, पण ते पोराने केलेलं सोंग होतं. आप्पांनी त्या दिवशी शेठच चालवला. टाच उचलणं, बोटांनी कमरेवर ताल धरणं, मान झटकून मागे बघताना ओठ चाटणं, सगळं. एवढी वर्षं त्यांनी ते बघून ठेवलेलं होतं. पलटणीत आजूबाजूच्या गावांतली पोरं शिपाई होऊन उभी होती. त्यांतल्या एकाच्या नाकातून आवाज निघाला. मग दुसऱ्याच्या. बंदुका हलायला लागल्या. आणि झुडपातून बाय उठून उभी राहिली. तिने इकडे-तिकडे पाहिलं, हाताला ढेकूळही लागेना, उन्हाने सगळं दगड झालेलं. मी बादली पायाने तिच्याकडे सरकवली.

बायने ओंजळ भरून चिखल आप्पांना मारला. "फितूर मेला!" मग सगळ्याच बायका तुटून पडल्या. शूटिंग आहे, समोर कॅमेरा आहे, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. कंदीलवाला दिसला की चिखल मारायचा, हे त्यांच्या हातांनाच माहीत होतं. असिस्टंट "कट"साठी धावला, तर डायरेक्टरने त्याचा शर्ट धरून मागे ओढला. "रोलिंग! रोलिंग! किसी ने रोका तो देखो!" आप्पा चिखल खात चालत राहिले. एकदाही चाल चुकली नाही.

तेव्हा शेठ खुर्चीतून उठला. तावातावाने डायरेक्टरकडे निघाला. डावा खांदा वर, हात मागे कमरेवर, टाचा अधांतरी, आणि रागातसुद्धा मान झटकून मागे बघणं सुटलं नाही. एकीकडे आप्पा, एकीकडे शेठ. पलटण खाली बसली. साहेब झालेला परदेशी नटही हसत होता, त्याला काही कळलेलं नसताना.

"बंद करा हे! हा माझा अपमान आहे!"

डायरेक्टरने भाबडेपणाने विचारलं, "आपका? आपका कैसे, शेठ? ये तो खबरी है."

शेठ काय सांगणार? सांगितलं तर कबूल केल्यासारखं. त्याने एकदा आप्पांकडे पाहिलं. आप्पा चिखलाने माखलेले, कंदील धरून, डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत उभे होते. शेठ गाडीकडे वळला आणि पहिलं पाऊल टाकायला गेला, तर त्याला चालताच येईना. आपला खांदा कुठे ठेवायचा, टाच टेकवायची की नाही, हे त्याला पहिल्यांदाच सुचेनासं झालं. माळ त्याच्या पणज्याचा, आणि तो त्यावरून नुकतंच चालायला शिकणाऱ्या पोरासारखा अडखळत गेला. मला दया आली नाही. आजही येत नाही.

त्या दिवशी बाय आप्पांशी बोलली. चिखल पुसत म्हणाली, "सांगायचं नाय होय रं आदी?" आप्पा म्हणाले, "सांगितला असता तर तू एवढा जोरात मारला असतास?"

शेठने मग जे करायचं ते केलं. वाडीचा टेंपो बंद झाला. कुठल्याच शूटिंगला त्या वाडीची माणसं घेत नाहीत, आप्पांना मरायलासुद्धा बोलवत नाहीत. बादली कुणी सरकवली याची चौकशी झाली आणि माझंही काम गेलं. निघताना बायने तांदूळ दिले, आप्पा पळसदरी स्टेशनपर्यंत आले. मी पाया पडले तर म्हणाले, "वाकू नको. ताठ चालत जा गाडीपत्तुर, मी बगतो." मी चालले. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही, पण त्यांच्यासमोर मी भुईला विचारलं नाही एवढं खरं.

आता मी हैदराबादला असते. इथेही कपडेच जुने करते. सिनेमा लागला तेव्हा बायने फोनवर सगळी हकिगत सांगितली. कर्जतच्या थिएटरात वाड्या आणि गावं लोटली, तो सीन आला की लोक उठून उभे राहायचे आणि शिट्ट्या. शेठ आता पायी कुठे दिसत नाही. देवळाच्या पायरीपर्यंत गाडी नेतो. बाजारात त्याचा मुलगा उतरला, तर पोरांनी त्याच्यामागे कंदीलवाल्यांची रांग लावली.

मी इथे एका सुट्टीच्या दिवशी सिनेमा बघायला गेले. आप्पा पडद्यावर आले. त्यांनी खांदा वर केला. थिएटरात कुणी हसलं नाही. कसं हसणार? त्यांना दिसला तो लंगोटी नेसलेला एक जंगलातला म्हातारा, जो आपल्याच माणसांना विकतोय. माझ्या मागच्या खुर्चीवरचा माणूस मोठ्याने म्हणाला, "ऐसे ही होते हैं ये जंगली लोग. एक बोतल में बिक गए." आजूबाजूच्या दोघा-तिघांनी हुंकार भरला. मला वळून काहीतरी म्हणायचं होतं. वळले नाही. सिनेमा सुटल्यावर मात्र मी जिन्याशी थांबले आणि तो जाईपर्यंत त्याला बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना फोन केला. "आप्पा, इथे कुणीच हसलं नाही."

"मंग? ते काय शेठला वळखतात? माजं भांडन एका घराशी हाय, पोरी. दुनियेशी कशाला घेऊ?"

"पण एक जण वाडीला शिव्या देत होता, आप्पा. जंगली म्हणाला. एका बाटलीत विकले गेले म्हणाला."

  मग आप्पांचा आवाज आला, हळू, अगदी शांत.

"भायेर जाताना तू बगितलास त्याला?"

"हो."

"चालला कसा?"

मी फोन टेबलावर उभा करून ठेवला, कॅमेरा चालू केला, आणि खोलीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिले.